कागलची हवा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत माझं काम वाळू तपासायचं. लोखंडाचा रस ज्या साच्यात ओततात तो साचा वाळूचा असतो. वाळू जास्त ओली राहिली तर ओतून निघालेल्या कास्टिंगला भोकं पडतात, जास्त सुकली तर साचा ढासळतो, आणि दोन्ही वेळा साहेब ओरडतो तो माझ्यावर. त्यामुळे कुणी काहीही सांगितलं की 'मोजलंय का?' असं विचारायची खोड मला लागली आहे. नवरा पूर्वी 'आज जरा उकडतंय' वगैरे सहज म्हणायचा आणि मी लगेच आकडा विचारायची. हल्ली तो हवामानावर बोलतच नाही आणि आमचं बरं चाललं आहे.

याच खोडीतून मला छोट्या कॉम्प्युटरांचा नाद लागला. पत्त्याच्या पानाहून लहान अशी हिरवी पट्टी असते. तिला तापमानाचा, ओलीचा, धुळीचा, जो हवा तो सेन्सर जोडायचा आणि तिनं तिथलं हवापाणी बिनतारी आपल्या फोनवर कळवत राहायचं, एवढाच तो खेळ. मी तो इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शिकले. व्हिडिओतला माणूस हसतमुखानं सांगतो की हे अर्ध्या तासाचं काम आहे. मला गणपतीपासून दसऱ्यापर्यंत पुरलं. माझं पहिलं यंत्र गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत होतं, आणि त्याच्या तोंडासमोर कोळ्यानं जाळं विणलं की ते 'टाकी भरली' असं कळवायचं. आम्ही निर्धास्त आणि नळ कोरडा, असं बऱ्याचदा झालं. नवरा तेव्हाही काही बोलला नाही. नुसता बादल्या भरून ठेवायला लागला.

हे सगळं हौसेपुरतं होतं तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण दिवाळीत आईचा दमा उसळला. फटाक्यांचा धूर गल्लीत कोंडला होता, आई गॅलरीत बसली होती, आणि बघता बघता तिला श्वास पुरेना. दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, धूळ-धुरापासून लांब ठेवा, जमलं तर काही महिने हवापालट करा.

आई मंगळवार पेठेत माझ्या थोरल्या भावाकडे असते. घर तिचंच आहे, पण आता म्हणायचं भावाकडे. खाली दादाचं भांड्यांचं दुकान, वर घर आणि गल्लीवर लटकलेली एक गॅलरी. मी दोन गल्ल्या सोडून राहते. कंपनीची बस सोडली की आधी आईकडे चहा, मग माझं घर, हा माझा नेम. हवापालट म्हटल्यावर दादाला लगेच कागल आठवलं, कारण कागलला आईचं माहेर, मामाचा मळा. मामी गेल्यापासून मामा तिथं एकटाच आहे. मुलगा बेंगलोरला.

मी कडाडून विरोध केला. उसाच्या पट्ट्यात कसली आलीय हवा? गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्याची काजळी पडते, तोडणी झाली की शेतात उरलेला वाळका पाला, पाचट, पेटवतात. दादा म्हणाला की मळ्यातली हवा आणि पेठेतली हवा यातला फरक आंधळ्यालाही कळतो. मी विचारलं, मोजलंय का? त्यावर आमचं जे जुंपलं ते खाली दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू गेलं असणार. आई मात्र घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "तुमचं काय ठरतंय ते ठरवा आन् मला सांगा."

खरं सांगायचं तर मला आईला सोडायचं नव्हतं. संध्याकाळी त्या जिन्यावर चढायचं नाही, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. पण असलं कारण भांडणात चालत नाही. म्हणून मी म्हटलं, यंत्राला विचारू. एक डबी इथं गॅलरीत, एक मामाच्या मळ्यात. जिथली हवा चांगली तिथं आई राहील. मला खात्री होती की ऊस माझ्या बाजूनं साक्ष देईल.

डबी म्हणजे साधी प्लॅस्टिकची. आत ती हिरवी पट्टी, शेजारी धुळीचा सेन्सर, आणि सेन्सरला नखाएवढा पंखा. पंखा हवा आत ओढतो, आत एक बारीक किरण असतो, त्यातून धुळीचे कण किती गेले ते मोजलं जातं. वर एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की लाल. पेठेतल्या डबीला घरचं वायफाय होतं. कागलला मात्र मळ्यात मोबाईलची रेंज म्हणजे मर्जीचा मामला. तिथली डबी छोट्या रेडिओवरून आकडे फेकायची, ते रस्त्यावरच्या एका खताच्या दुकानात ठेवलेली दुसरी पट्टी झेलायची आणि पुढं इंटरनेटवर टाकायची. मध्ये डोक्याहून उंच ऊस. ओल्या पानांतून रेडिओ जाईना, म्हणून मामानं दुकानाशेजारी जुना बांबू उभा करून त्यावर अँटेना चढवली. दुकानदार बघत होता. "आकाशवाणी काढतायसा काय?" त्यानं मामाला विचारलं. मामा म्हणाला, "आमच्या अक्काची हवा बघायलोय."

आईला तो अक्का म्हणतो. डबी ओसरीच्या आढ्याला टांगताना मी त्याला बजावलं, मामा, हिला हात लावू नका. त्यानं दोन्ही हात मागं बांधून मान डोलावली.

मग आकडे यायला लागले आणि माझे धाबे दणाणले. फोनवर दोन रेषा दिसायच्या. कागलची रेषा जेवून पालथ्या पडलेल्या माणसासारखी तळाला निवांत. पेठेची रेषा रोज सकाळी उसळी मारून वर. दादाच्याही फोनवर ते पान होतं. पूर्वी त्याला फोनवर क्रिकेटशिवाय काही दिसत नसे, आता तो गिऱ्हाइकाला कुकर दाखवता दाखवता धुळीचे आकडे बघायचा आणि मला पाठवायचा. खाली नुसतं एक हसरं तोंड.

सकाळच्या त्या उसळीमागे काय असेल याचा मी बराच विचार केला आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीवर येऊन थांबले. भट्टीचा धूर, दुसरं काय. कामावर जायच्या आधी जाऊन मी त्या बेकरीवाल्याला चांगलं झापलं. फोन काढून आकडे दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, माझी भट्टी पहाटं पेटती आन् उजाडायला इझती. तुमचं हे वर चढतंय तवा मी झोपाय जातो." वर मला ताजी खारी बांधून दिली. ती खात खात मी बसमध्ये बसले, पण माझं डोकं काही थंड झालं नाही.

दादा म्हणाला, "तूच म्हणालतीस यंत्राला विचारू. विचारलं. आता?" आईनं माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढायला सांगितली. ती पुसताना तिनं मला विचारलं, "तिकडं थंडी असंल न्हवं? शाल घेऊ?" मी मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यात रडले.

तरी वाळू तपासणाऱ्या बाईला एक गोष्ट खुपत होती. आमच्या कंपनीत कागलकडून येणारी बरीच माणसं आहेत. कारखाना सुरू झाल्यापासून त्यांच्या पांढऱ्या शर्टांवर काळे ठिपके दिसायला लागले होते. त्यांच्यातला एक म्हणाला की वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतायत. मग मामाच्या मळ्यातली रेषा एवढी गाढ झोपते कशी? रविवारी मोपेड काढली आणि हायवेनं थेट कागल गाठलं.

मळ्याच्या वाटेलाच लांब कुठं तरी पाचट पेटलेलं होतं. डोळे चुरचुरत होते. मामाच्या अंगणात तुळशीच्या पानांवर काजळी बसलेली, आणि ओसरीवर माझी डबी हिरवागार दिवा लावून बसलेली. डबीच्या तोंडाला पांढरं, दुहेरी घडीचं, किंचित ओलसर फडकं बांधलं होतं. गाठ अगदी नीट मारलेली.

आम्ही जैन. आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, आणि गाळायचं फडकं दुहेरी असतं, हे मला जन्मापासून माहीत. ते फडकं मी लांबूनच ओळखलं.

"मामा, हे काय?"

"गाळणं."

"ते दिसतंय. इथं कशाला?"

"त्यात पंखा हाय की," मामा म्हणाला. "तूच दाखवलंस. हवा आत वडतोय. हवंत चिलटं असत्यात, बारीक जीव असत्यात. ते आत गेलं की मरणार. पाणी गाळतोय तर हवा का न्हाय गाळायची?"

"मी हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"डबीला कुठं लावलाय? फडकं नुसतं वरनं बांधलंय."

आणि हे एवढ्यावर थांबलेलं नव्हतं. रोज सकाळी तो फडकं सोडायचा, आंब्याखाली नेऊन हलक्या हातानं झटकायचा, म्हणजे अडकलेले जीव आपल्या जागी जातील, मग धुऊन, पिळून, परत बांधायचा. पाण्याच्या फडक्याचं जे करतात तेच, पद्धतशीर. धुळीचा सेन्सर मी आणला, तो मागवण्यासाठी नवऱ्याची बोलणी खाल्ली, रेडिओ, बांबू, अँटेना, सगळं केलं, आणि इतके दिवस मामाच्या स्वयंपाकघरातल्या गाळण्यानं गाळलेली हवा मोजून दादाची जीत केली. मला इतकं हसू आलं की मी ओसरीवरच बसले. मामाला काय झालं ते कळेना, त्यानं तांब्याभर पाणी आणून दिलं. तेही गाळलेलंच.

मग मी फडकं सोडलं. थोड्या वेळानं दिवा पिवळा झाला, मग लाल. मामा दिव्याकडे बघत राहिला, मग पाचटाच्या धुराकडे.

"येवढी वाईट हाय व्हय?" तो म्हणाला.

"आज आहे."

"म्हंजे अक्का आता येत न्हाय."

तो आत गेला. मी मागोमाग गेले तर मामीच्या खोलीला नवा चुना दिलेला. खाटेची नवार नव्यानं विणून घेतलेली. खिडकीला पडदा, तोही मामानं हातानं शिवलेला, कारण एक बाजू चांगलीच खाली आली होती. मी डबीच्या तोंडाला डास अडवायची बारीक जाळी बसवून दिली, म्हणजे चिलटं आत जाणार नाहीत आणि धूर जाईल. मामानं जाळीला बोट लावून खात्री केली आणि फडकं घडी करून आत ठेवलं.

परतताना मी मोपेडवर गात होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आई कुठं जाणार नव्हती. दादाचं हसरं तोंड कसं उतरतं ते बघायची मला घाई झाली होती. जिना चढून वर गेले तर दादा-वहिनी बाहेर गेलेले आणि आई गॅलरीत. पदर नाकातोंडाला घट्ट गुंडाळून बसलेली, मांडीपुढं परात, हातात चाळण, आणि जोंधळ्याचं पीठ चाळणं जोरात चाललेलं. पिठाचा ढग तिच्या डोक्यावरून थेट माझ्या डबीत जात होता. दिवा लालभडक.

आई पीठ स्वयंपाकघरात चाळते. मला आठवतंय तेव्हापासून स्वयंपाकघरातच चाळत आली आहे.

"रोज इथं चाळतेस?" मी विचारलं.

तिनं पदर सोडला. "सकाळचं चाळते. आज दुपारचंबी चाळलं. दादा उद्या शेवटचं बघून नक्की करतो म्हणाला."

"आई, तुला दमा आहे."

"म्हणून तर तोंड बांधलंय."

"तुला कळलं कधी, की पिठानं दिवा लाल होतो?"

"बसवलास त्याच्या दुसऱ्या दिशी. जातायेता पीठ सांडलं, लाल झाला. म्हटलं बरं हाय की."

मी कागलच्या फडक्याचं सांगितलं. ऐकून ती खुदकन हसली, मग हसू आवरून चाळण परातीत ठेवली. मी सांगत होते की तिथं काजळी पडते, दिवा लाल झाला, आता तुला जायची गरज नाही. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा उतरत चालला होता. दादाचा उतरेल म्हणून मी वाटेवर खूश झाले होते, आणि उतरला तो आईचा.

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"मग काय हौस म्हणून चाळायलेय व्हय पीठ?"

"मग सरळ सांगायचं नाही का?"

"कुणाला? तुझ्या दादाला? त्यानं म्हणायचं, आई, आमचं काय चुकलं. तुझी वहिनी आठ दिस बोलणार न्हाय. गल्ली म्हणणार, म्हातारीला लेकानं काढलं." ती परातीतलं पीठ हातानं सारखं करत होती. "लगीन झाल्यापासनं म्हायारी गेले ती पंचमीला न्हायतर दिवाळीला. तीबी परत कवा येणार ते सांगून. तुझी मामी गेली तवा चार दिस तरी ऱ्हायचं हुतं, पर हितं दुकानाचं उद्घाटन काढलं हुतं. तो तिथं एकटा जेवतोय. दिवस मावळायच्या आत ताट घेऊन बसतोय आन् समोर कोण न्हाय. हवेसाठी गेलं की कुणाचंच काय चुकत न्हाय बघ."

मला तिचा राग आला. मी रोज येते, चहा पिते, गप्पा मारते, आणि हिनं मला एवढंही सांगू नये. मग रागाच्या खाली जे होतं ते वर आलं. आईला माहेर आहे, तिला तिथं राहावंसं वाटत असेल, असं इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. माझं माहेर दोन गल्ल्यांवर, मी रोज जाते. मी तिथंच परातीशेजारी बसले आणि रडले. आईनं पिठाच्या हातानं माझं तोंड पुसलं, त्यामुळे मी आणखी विचित्र दिसायला लागले.

पण दमा खरा होता. त्याच्याशी खोटं बोलून चालणार नव्हतं. मी आईकडून कबूल करून घेतलं की पीठ आत चाळायचं, आणि दादाच्या फोनवरचं पान 'दुरुस्ती चालू आहे' असं लिहून बंद करून टाकलं. मग पीठ नाही, फडकं नाही, अशा दोन्ही जागा काही दिवस मोजल्या. ज्या दिवशी पाचट पेटेल त्या दिवशी कागल वाईट, एरवी पेठ वाईट. उन्नीसबीस. ते आकडे घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, धुराच्या दिवशी दारं-खिडक्या लावून आत बसायचं, औषध चुकवायचं नाही, मग कुठंही राहू द्या. मामाला मी शिकवलं की दिवा लाल झाला की आधी मामीच्या खोलीची खिडकी लावायची. त्यानं तिरका पडदा काढून खिडकीच्या फटींना कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या.

दादाला मी एवढंच म्हटलं, "तू जिंकलास. घेऊन जा." तो लगेच मोठ्या मनाचा झाला. म्हणाला, तुझं यंत्र चांगलं आहे.

निघायच्या दिवशी ट्रंक गाडीत ठेवली तेव्हा समोरच्या काकू आपल्या दारात आल्याच. "काय वैनी, कुठं निघालासा?"

"कागलला," आई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "हवा चांगली हाय म्हणं तिकडं."

काकूंचा पुतण्याच साखर कारखान्यात. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खरं काय गं? कारखान्याच्या पट्ट्यात चांगली हवा? तुझ्या यंत्रात काय आलंय?"

दादा किल्ली घेऊन गाडीपाशी उभा होता. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि तो उगाचच नीट करत राहिली.

"लई चांगली हाय काकू," मी म्हटलं. "मी सोत्ता मोजलीय."